कंडक्टरचं शेवटचं पान

कंडक्टरनं शेवटी काय केलं, हे आता निम्म्या भंडाऱ्याला माहीत आहे. माझ्या बायकोला माहीत आहे. कारध्याच्या जुन्या पुलाजवळच्या टपरीवाल्यालाही माहीत आहे, आणि त्यानं तर ते कॉमिक्स हातातसुद्धा धरलेलं नाही. मला माहीत नाही. गंमत अशी, की या जिल्ह्यात त्या कंडक्टरवर सगळ्यात जास्त बोललेला माणूस मीच.

कंडक्टर म्हणजे कॉमिक्समधला. आम्ही शाळेत होतो तेव्हा नागपूरच्या एका बारक्या छापखान्यातून ती निघायची. कागद असा, की थुंकी लावून पान उलटलं तर पानच बोटाला यायचं. रंग चौकटीच्या बाहेर सांडलेले. किराणा दुकानात बरण्यांच्या वर दोरीला लटकवलेली असायची. नायक लाल डब्ब्याचा साधा कंडक्टर, त्याला नावसुद्धा नाही. पहिल्याच अंकात त्याच्या लक्षात येतं, की गाडीत चढणारा प्रत्येक प्रवासी आपणच आहोत. खिडकीला नाक चिकटवून बसलेलं पोरगं तोच, मागच्या सीटवरून रस्त्यावरच्या पोरींकडे बघणारा कॉलेजकुमार तोच, आणि पुढे मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसलेला म्हाताराही तोच. आपल्याच लहानपणाला अर्धं तिकीट फाडून द्यायचं आणि आपल्याच म्हातारपणाला विचारायचं, कुठं उतरणार.

पुढे पुढे तर डोकं गरगरायला लागायचं. एका अंकात गाडी रिव्हर्समध्ये जाते, म्हणून चौकटी शेवटून पहिल्याकडे वाचाव्या लागतात. एकात कंडक्टर दोन चौकटींमधल्या पांढऱ्या पट्टीत लघवीला उतरतो, आणि तेवढ्यात पुढच्या चौकटीत गाडी त्याच्याशिवाय निघून गेलेली असते. मग सबंध अंक तो पट्टीपट्टीनं गाडीच्या मागे धावतो. शेवटच्या अंकात गाडी नदीच्या पुलावर येते. म्हातारा उठतो, घंटीची दोरी ओढतो. कंडक्टर त्याच्याकडे वळून तोंड उघडतो. आपण पान उलटतो, तर पुढचं पान कोरं. पांढरं. त्यानंतर अंकच निघाला नाही.

त्या कोऱ्या पानावर मी माझी सगळी अक्कल खर्च केली. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे जिथं काही लिहिलेलं नाही तिथं अर्थ काढायची मला सवय आहे. माझा सिद्धांत असा, की पांढरं पान म्हणजे आपण. कंडक्टर म्हाताऱ्याशी नाही, वाचकाशी बोलायला तोंड उघडतो, आणि वाचकाजवळ द्यायला उत्तर नाही. हे मी मोबाईलवर व्हिडिओ काढून सांगितलं, गॅदरिंगमध्ये सांगितलं, एका लग्नात जेवणाच्या पंगतीत सांगितलं. तिथं शेजारचा माणूस पत्रावळ उचलून दुसऱ्या ओळीत जाऊन बसला.

पण माझे श्रोते होते. दर रविवारी सकाळी कारध्याच्या टपरीवर आमचं मंडळ बसायचं. वीज खात्यातला एक लाईनमन, एक मेडिकल दुकानवाला, एक तलाठी बाई आणि मी. मधूनमधून इतरही कोणी यायचे आणि लवकरच यायचे बंद व्हायचे. त्याचं कारण आमचा नियम. कोणी कंडक्टरबद्दल मूर्खासारखं बोललं, की त्यानं बाकावर उलटं फिरून वैनगंगेकडे तोंड करून बसायचं. आपला चहा संपेपर्यंत मागे वळायचं नाही आणि बोलायचंही नाही. मागे बसलेल्यांनी त्याच्याबद्दल वाटेल ते बोलावं. नियम मी केला होता. मूर्खासारखं म्हणजे काय, हे ठरवायचोही मीच.

कोंढ्याहून एक जण मोटरसायकलवर यायचा. त्याची चूक एवढीच, की पट्टीतला अंक आणि उलट्या गाडीचा अंक त्यानं एकच धरले. तो नदीकडे बघत बसला, आणि आम्ही त्याच्या अडखळण्याची नक्कल केली. मेडिकलवाल्यानं तर इतकी हुबेहूब केली की टपरीवाल्याच्या हातून गाळणी पडली. त्या माणसाचे कान मागून लाल होताना दिसत होते. पुढच्या रविवारी तो आला नाही. "कच्चा होता," मी म्हणालो, आणि सगळ्यांनी माना हलवल्या.

आमचे टी-शर्टही होते. माझीच कल्पना. पांढरे, पुढे-मागे काहीही न छापलेले. शेवटचं पानच अंगात घातलंय, असा त्याचा अर्थ. आम्ही चौघं तसे पुलावरून चालत आलो की येणारे-जाणारे गाड्या हळू करायचे. एकदा एका बाईनं विचारलं, कोन गेलं जी.

अशात एका रविवारी लाईनमन धापा टाकत आला.

"सर, बसा पयले. थो कंडक्टर लिवनारा भेटला मले. मोहाडीले. जिता हाय."

"तोच कशावरून?"

"मीटर पाहाले गेल्तो. भितीवर त्याईनं पयल्या अंकाचं कव्हर चिकटवून ठेवलं हाय. म्या म्हनलं, काकाजी, हे कायले लावलं? तर म्हने, लिवलं ना म्या. म्या विचारलं, मंग म्हातारा कुठं उतरनार होता? बाप्पा, डोळ्यात पानी आलं त्याच्या. म्हने, हे विचारनारा तू पयला."

पुढच्या रविवारी लाईनमननं त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून आणलं. तहसील कचेरीतून निवृत्त झालेले बाबू. वाळलेले, स्वच्छ दाढी केलेले, गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा, आणि उतरले तेव्हा हातात कापडी पिशवी. तलाठी बाईंनी मला कोपरानं ढोसलं. आम्ही शाल दिली, नारळ दिला. मी छोटंसं भाषण केलं. छोटं म्हणजे टपरीवाल्यानं तेवढ्या वेळात दुसरं आधण ठेवलं. भाषणात पांढऱ्या पानाचा सिद्धांत होताच. काकाजी मान खाली घालून ऐकत होते. मला वाटलं, भारावले.

मग तलाठी बाईंनी विचारलं, "काकाजी, ते कोरं पान कसं सुचलं तुम्हाला?"

"सुचलं कुठं बाई. चित्रं काढनारा पोरगा तुमसरले सोताच्या लग्नाले गेला, थो वापसच नाई आला. छापखानेवाला म्हने, पान तं लावाच लागंल, कोरं जाऊ द्या, पुढच्या अंकात छापून टाकू. पुढचा अंक निघालाच नाई. छापखाना बसला."

पुलावरून एक रेतीचा टिप्पर गेला आणि बाकाच्या फळ्या हलल्या.

"पन पान लिवलं होतं म्या," काकाजी म्हणाले. "पाठ हाय मले. घरी सांगून पाह्यलं, पोरगा म्हने बाबा, जेवा. सांगाचं कोनाले? आज तुमाले सांगतो."

ते उठले. बाजूला जाऊन खर्रा थुंकले, टपरीवरच्या तांब्यातलं पाणी घेऊन चूळ भरली, शालीच्या कोपऱ्यानं तोंड पुसलं, आणि परत येऊन ताठ बसले. डोळे मिटले. आणि मी म्हणालो, "थांबा काकाजी."

इथं माझ्या बाजूनं सांगण्यासारखं काही नाही, तरी सांगतो. माझ्या अंगात पांढरा टी-शर्ट होता. मोबाईलवर माझे व्हिडिओ होते. पुढच्याच आठवड्यात कॉलेजात "कोऱ्या पानाचं तत्त्वज्ञान" या विषयावर माझं व्याख्यान होतं, आणि त्याचा फलक रंगवून झाला होता. आणि हा म्हातारा म्हणत होता की पोरगा लग्नाला गेला.

"लेखकाचं काम लिहून झालं की संपतं," मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. "पानाचा अर्थ आता वाचकांचा आहे. तुम्ही जे सांगणार आहात ते कंडक्टरच्या गोष्टीत बसत नाही."

काकाजींनी डोळे उघडले. "मंग कोनाच्या गोष्टीत बसते जी?"

लाईनमन फिसकन हसला. तो मला हसला, हे मला कळलं, आणि तिथंच माझं डोकं फिरलं.

"नियम सगळ्यांना सारखा," मी म्हणालो. "काकाजी, नदीकडे तोंड."

कोणीतरी "जाऊ द्या ना सर" म्हणेल अशी माझी खात्री होती. म्हटलं असतं तर मी लगेच मोठ्या मनानं जाऊ दिलं असतं. पण माझ्या मंडळाला मीच वळण लावलेलं. मेडिकलवाला खुदखुदला. तलाठी बाईंनी मोबाईल काढला. लाईनमन चपलेनं माती उकरत बसला. काकाजींनी सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं, पिशवी उचलली, बाकावर उलटे फिरले, आणि पिशवी परत मांडीवर घेतली. शाल पाठीवर होती. तिची किंमत लिहिलेली चिठ्ठी आम्ही काढायला विसरलो होतो.

चहा आला. नियमाप्रमाणे आम्ही बोलू लागलो. मेडिकलवाला म्हणाला, मधले अंक घसरलेच होते. तलाठी बाई म्हणाल्या, अख्ख्या गाडीत एक बाई नाही, असा कसा लेखक. हे खरंच होतं, म्हणून जास्त लागलं असेल. मी म्हणालो, "लेखक म्हणून ठीक होते. वाचक म्हणून कच्चे." हे वाक्य मला इतकं आवडलं की मी ते थोडं वळवून पुन्हा म्हणालो. काकाजी नदीकडे बघत चहा पीत होते. त्यांचे कान लाल झाले नाहीत.

चहा संपल्यावर त्यांनी ग्लास पालथा घालून बाकावर ठेवला, वळले आणि म्हणाले, "चहा चांगला होता." मग लाईनमनच्या मागे बसून गेले. शाल बाकावर घडी करून ठेवलेली होती, चिठ्ठी वर दिसेल अशी.

माझं व्याख्यान छान झालं. निदान मी तरी शेवटपर्यंत थांबलो.

त्यानंतर रविवारी मंडळात एक एक जण गळू लागला. आधी लाईनमन आला नाही. त्याच्या पुढच्या खेपेला आला तो निळ्या शर्टात. मग मेडिकलवाला आला नाही. काकाजींच्या बीपीच्या गोळ्या पोचवायला गेलो होतो म्हणाला, आणि आला तो चौकड्याच्या शर्टात. मग तलाठी बाई लिंबूपिवळा पंजाबी ड्रेस घालून आल्या. मी एकटाच पांढरा. मी पांढऱ्या पानावर बोलायला सुरुवात केली की तिघं आपापल्या ग्लासात बघायचे, जणू चहात काहीतरी पडलंय.

शेवटी मी विचारलं, "टी-शर्ट काय झाले?"

तलाठी बाईंना मनात ठेवता येत नाही. त्या म्हणाल्या, "माफी मागायला गेलो होतो सर, एकेकटे. काकाजींनी पान सांगितलं."

"काय आहे पानात?"

"ते नाही सांगता येणार."

"शपथ घातली?"

"शपथ-बिपथ काही नाही. फक्त म्हणाले, एका सरले सोडून सगळ्याईले सांगजा."

लाईनमन समजुतीच्या सुरात म्हणाला, "आन सर, पान असं हाय ना, का मानूस रातभर झोपत नाई."

मी त्याच संध्याकाळी मोहाडीला गेलो. बाजाराचा दिवस होता, मी पेढे घेतले, शेव घेतली, आणि ती शालही बरोबर नेली, यावेळी चिठ्ठी काढून. काकाजी अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मला बसवलं, पाणी दिलं, चहा सांगितला. धानाला यंदा तुडतुडा कसा लागला ते सांगितलं. तलावाचं पाणी कुठवर आलं ते सांगितलं. तहसील कचेरीत कोणकोणत्या साहेबाला किती कमी समजायचं, तेही सविस्तर सांगितलं. मी वाट बघत होतो. माझा चहा निवला.

"काकाजी, माझं चुकलं," मी म्हणालो. "ते पान..."

"तुमचं कायचं चुकलं? तुमीच तं म्हनलं होतं, लेखकाचं काम संपते. संपलं माझं." त्यांनी हातावर खर्रा घोटला. "आन तुमचा अर्थ लय चांगला हाय सर. कोरं पान म्हनजे आपन. थोच ठेवा."

"मला सांगा ना हो."

"सूनबाई," त्यांनी आत आवाज दिला, "सराले सांगू का व पान?"

आतून भांड्यांच्या आवाजातून उत्तर आलं, "नोका सांगू बाबा. लय शिकलेले हायेत ते."

दोघं हसले. आतली बाहेरच्यापेक्षा जास्त वेळ हसत होती. म्हणजे घरातही आता कोणी "बाबा, जेवा" म्हणत नव्हतं. शाल त्यांनी घेतली. थंडीत कामी येते म्हणाले.

यानंतर माणसानं गप्प बसावं. मी मेडिकलवाल्याला धरलं. त्याच्या दुकानात गिऱ्हाईक नसताना जाऊन उभा राहायचो आणि न लागणारी टॉनिकं विकत घ्यायचो. आमच्या घरी अजून ती आहेत, पाहुण्यांना देतो. शेवटी एक दिवस तो इकडेतिकडे बघून काउंटरवर वाकला.

"कोनाले बोलू नोका सर. म्हातारा उतरते ना, तवा कंडक्टर त्याले म्हनते, छत्री राह्यली तुमची. बस. येवढंच."

छत्री राहिली तुमची. मी दुकानातच मटकन स्टुलावर बसलो. खरं सांगतो, मला भरून आलं. घरी येऊन मी तडक व्हिडिओ काढला. छत्री म्हणजे आयुष्यभर उघडलीच नाही अशी माया. छत्री म्हणजे लहानपणाकडून म्हातारपणाला आलेला निरोप. छत्री म्हणजे आभाळ आणि माणूस यांच्यामधली ती पांढरी पट्टी. बोलता बोलता मी रुमालानं डोळे टिपले, तो तुकडा मी कापला नाही. व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि कॉलेजच्या ग्रुपवरही.

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन होतं. फाटकावरचा शिपाई म्हणाला, "सर, छत्री नाही आणली?" मला वाटलं, व्हिडिओ पोचला. स्टाफरूममध्ये माझ्या खुर्चीवर तीन छत्र्या टांगलेल्या होत्या, त्यातली एक बाळाची, कार्टूनवाली. दुपारी तलाठी बाईंचा फोन आला.

"सर, रागावू नका. छत्री आम्हीच बनवली. म्हणजे आम्ही आधी पिशवी म्हणत होतो. काकाजी म्हणाले, पिशवी नोको, छत्री ठेवा, छत्रीत सराले जास्त अर्थ सापडंल."

घरी आलो. बायको लाखोरीची भाजी निवडत बसली होती. मी तिच्यासमोर सगळं बोललो. माणसं कशी असतात, किती खालच्या थराला जातात. ती ऐकत होती. भाजीची जुडी संपल्यावर म्हणाली, "पण खरं पान छत्रीपेक्षा किती चांगलं आहे."

"तुला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तलाठी बाई भेटल्या होत्या बाजारात," ती म्हणाली. "उभ्या उभ्या सांगितलं त्यांनी. मी तर तिथंच रडले. कोथिंबीर घ्यायची राहूनच गेली."

"मले सांग," मी म्हणालो. मी घरात असं बोलत नाही.

"काकाजी म्हणाले ना, तुम्हाला सोडून." ती उठली, निवडलेली भाजी धुवायला घेतली. "आणि तुम्हाला सांगितलं तर तुम्ही त्याचं काय कराल, ते मला माहीत आहे. मला ते पान तसंच राहू द्यायचं आहे."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण एवढं कोरडं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. आणि बोलताना ती पानातलंच काहीतरी आठवून मंद हसत होती.

आता रविवारी काकाजी येतात. लाईनमन आणतो. ते माझ्या जागेवर बसतात, कारण तिथं सावली असते. अंगावर शाल असते. कोंढ्याचाही परत येऊ लागलाय. त्याला कुणी फोन केला मला माहीत नाही, मी केला नव्हता. तो आता काही चुकीचं बोलला तर काकाजी म्हणतात, "तसंही चाललं असतं बाप्पा, मले सुचलं नाई."

परवा मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो. सगळे होते. म्हणालो, "काकाजी, मी काय केलं म्हणजे सांगाल?"

ते विचारात पडल्यासारखे दिसले. "नियम सगळ्याईले सारखा," ते म्हणाले. "नदीकडे तोंड करा. मंग सांगतो."

मी उलटा फिरलो. समोर वैनगंगा, पात्रात वाळूचं बेट, त्यावर दोन बगळे. टपरीवाल्यानं मागून हात घालून ग्लास माझ्या हातात दिला. "हळू प्या सर," तो म्हणाला. मला वाटलं, गरम आहे म्हणून.

काकाजींनी मागे चूळ भरल्याचा आवाज आला. मग ते सांगू लागले. मला नाही, त्यांना. अगदी हलक्या आवाजात, आणि वारा नदीकडून त्यांच्याकडे वाहत होता. मला तुकडे येत होते. "मंग कंडक्टर..." आणि पुढे काही नाही. "पयल्या अंकातलं थे..." आणि पुलावर टिप्पर. सगळे ऐकलेलेच ऐकत होते, तरी एका ठिकाणी एकदम हसले, सगळे मिळून. मग तलाठी बाईंनी नाक ओढलं. कोंढ्याचा काहीतरी विचारायला लागला, अडखळला, आणि कोणीही त्याची नक्कल केली नाही.

मी मागे वळू शकलो असतो. बाकावर नुसती मान फिरवायची. पण मी वळलो की ते थांबतील, आणि मी बसून आहे तोवर सांगत राहतील, हे मला कळलं होतं. नियम चहा संपेपर्यंतचा. मी एकेक थेंब पीत होतो. ग्लासाच्या तळाशी साखर आली, तीही जिभेनं काढली.

"सर," मागून मेडिकलवाल्यानं विचारलं, "झाला का चहा?"

मी रिकामा ग्लास ओठांना लावून धरला आणि मान हलवली, की नाही, अजून आहे.